नेमाण्णाची माणसं

छत्री घ्यायला माणूस एकटा जातो. लई झालं तर बायकोला संगं घेतो. आमचा नेमाण्णा छत्री घ्यायला गेला तवा संगं वकील हुता, मोजणीदार हुता आन गवंडी हुता. निपाणीच्या भर बाजारात, दुकानाच्या फळीवर चौघं वळीनं बसली. मोजणीदारानं छत्री उघडून तिचा घेर मोजला. गवंड्यानं दांडा बोटानं वाजिवला, कान लावला आन म्हणला, आत पोकळ हाय. वकिलानं दुकानदाराला इचारलं, हे दुकान तुमचं एकट्याचं का भावाचा हिस्सा आहे. दुकानदार म्हणला भाऊ हाय, पण तो बेळगावला असतोय. वकील म्हणले, मग त्यांची संमती लागेल.

छत्री काय आली न्हाय. येताना पावसानं गाठलं आन चौघंबी निथळत गल्लीत शिरली. आन नेमाण्णा लई खुशीत हुता. मी दारात लेकरू घेऊन उभी हुते, मला म्हणला, "बघितलंस पोरी? एकटा गेलो असतो तर फसलो असतो."

आता हा नेमाण्णा कोण ते सांगते. आमच्या समोरच्या घरातला. पन्नाशी उलटलेला, उंच, वाळलेला, डोक्याला पटका, अंगात बंद गळ्याचा कोट, आन चालताना दोन्ही हात पाठीमागं. जैनाच्यातला, चिकोडीकडच्या गावचा. घरात कानडी, बाजारात मराठी, आन इचार करताना दोन्ही. बायको वारली, पोरबाळ न्हाय, मग रान भावाला देऊन हा पैसा घेऊन निपाणीला पुतण्याकडं आला. पुतण्या तंबाखूचा मोठा व्यापारी. त्येनं चुलत्याला माडीवरची खोली दिली. ताट वर जायचं, ताट खाली यायचं. आमच्या ह्यांची नोकरी त्या पुतण्याच्याच वखारीत, तंबाखू वजन करायला. म्हणून नेमाण्णा काय बोलला की आम्ही व्हय म्हणायचं, असं आमच्या ह्यांनी मला बजावून ठेवल्यालं.

आन मी तर आधीच भित्री. मी गुंजीची. ठेसन सोडलं तर चहूकडं झाडी, तिथं माणसापरास माकडं जास्ती. तिसरी पास झाले, चौथीला बसायच्या आत लगीन झालं, निपाणीत येऊन पडले. इथं सगळी मोठ्यानं बोलत्यात. मला मोटारीची भीती वाटायची, मुकादमाची वाटायची, पोष्टमन खाकी घालतोय म्हणून त्येची बी वाटायची. लेकरू झाल्यावर तर एकेक भीती दोनदोनदा वाटायला लागली, एकदा माझ्यासाठी आन एकदा त्येच्यासाठी.

तर नेमाण्णाला घर घ्यायचं हुतं. एकच न्हाय, घरं. चार-पाच घ्यायची, भाड्यानं द्यायची, म्हातारपणी भाड्यावर बसून खायचं. पण त्येचं म्हणणं असं की घर घ्यायला पैसा लागत न्हाय, माणसं लागत्यात. "आधी माणसं, मग जागा," ह्ये तो दिवसातनं इतक्यांदा म्हणायचा की माझं लेकरू पुढं बोलायला लागलं तर आई म्हणायच्या आधी ह्येच म्हणंल असं मला वाटायचं.

ह्येला कारण हुतं. बायको गेली त्या उन्हाळ्यात ह्या माणसानं कुणाला न इचारता संकेश्वराकडं एक जमीन घेतली. सपाट, एक दगड न्हाय, एक झाड न्हाय, नुसती तळहातागत. ह्येला वाटलं असलं रान कुणाला घावलं न्हाय. मिरगानंतर बघायला गेला तर जमीन दिसंना. चारी बाजूनं पाणी आन मधी म्हशी डुंबत्यात. गावच्या तळ्याचा तळ घेतला हुता त्येनं. काठावरची पोरं इचारायला लागली, आण्णा, म्हशी बाहीर काढू का राहू द्यात. तवापास्नं त्येनं ठरिवलं, एकट्यानं काय करायचं न्हाय. पान खायचं झालं तरी दुसऱ्याला आधी खाऊ द्यायचं.

मग त्येनं माणसं जमिवली.

वकील म्हंजे चिकोडीच्या कोर्टातनं म्हातारपणानं घरी बसल्यालं. काळा कोट, त्येच्या बगला इटलेल्या. कुठलाबी कागद हातात दिला की डोळ्यापाशी धरायचं आन म्हणायचं, "वारस निघेल." एकदा बस्तीच्या, म्हंजे जैनाच्या देवळाच्या, मागल्या घराचा मालक, एकटा म्हातारा, हात जोडून म्हणला, वकीलसाहेब, माझं कुणी उरलं न्हाय हो, सगळी पिलेगात गेली. वकिलांनी कागद घडी करून परत दिला. म्हणले, "गेलेल्यांचेच जास्त निघतात."

मोजणीदार म्हंजे दस्तगीरचाचा. सरकारी मोजणीत साखळी वढत हयात गेल्याली, नोकरी सुटली तवा जुनी साखळी संगं घेऊन आला. लोखंडाच्या कड्यांची, खांद्यावर टाकून चालला की खुळखुळ खुळखुळ, गल्लीतली कुत्री पाठीमागं. आन त्येची मोजणी बघा, निपाणीतली कुठलीबी जागा त्येच्या साखळीनं मोजली की कागदापरास कमीच भरायची. हातभर कमी, दीड हात कमी. चाचा मान हलवायचा आन म्हणायचा, दुनिया खराब हो गई, सगळ्यांनी सगळ्यांची जागा खाल्ली हाय. नेमाण्णा म्हणायचा, बघा, चाचा नसता तर.

आन भीमू गवंडी. तो बोलायचा कमी. भिताडाला कान लावायचा, बोटाच्या पेरानं ठोकायचा, डोळे मिटायचा, जसा काय आतनं कोण निरोप सांगतंय. मग म्हणायचा, पोकळ हाय. एका ठिकाणी त्येनं ठोकलं आन गिलाव्याचा पापुद्रा ताटाएवढा खाली पडला, घरमालकीण लाटणं घेऊन धावली. भीमू म्हणला, मी न्हाय पाडलं, ते पडायच्या इचारातच हुतं.

ही चौघं मिळून घरं बघायची. घर बघून झालं की नेमाण्णा त्यास्नी हाटेलात मिरचीची भजी खायला घालायचा, आन तिथं बसून घर कसं वाईट हुतं त्येच्यावर दिस कलंस्तवर बोलत बसायचं. अशी दोन वर्सं गेली. घर एक बी घेतलं न्हाय. आमची गल्ली हसायची. पुतण्या हसायचा. आमचं हे बी हसायचं, पण वखारीत न्हाय, घरी आल्यावर.

आता ह्यात मी कशी सापडले ते ऐका.

नेमाण्णाच्या गावाकडं अशी रीत हाय म्हणं, गोठ्याची जागा घ्यायची झाली की आधी तिथं वासराची गाय बांधायची. गाय खाली बसली, डोळे मिटून रवंथ करायला लागली की जागा चांगली. उभीच राहिली, हंबरली, तर सोडून द्यायची. नेमाण्णाच्या डोक्यात आलं, वकिलाला कागद कळतोय, गवंड्याला भिताड कळतंय, पण त्या घरात जीव रमंल का ह्ये त्यातल्या कुणाला कळत न्हाय. म्हणून त्येनं गवळ्याची गाय मागून घेतली आन सराफाचं माडीचं घर बघायला गेला. गाय जिना चढली. वर जाऊन बसली. रवंथ केली. सगळी खूश. आन मग ती उतरंना.

गाय जिना चढती, उतरत न्हाय, ह्ये त्या चौघांतल्या एकाला बी ठावं नव्हतं. पुढनं वढली, मागनं ढकलली, वासरू खाली बांधून त्येला वरडाय लावलं, गाय गॅलरीतनं खाली बघायची आन पुन्हा बसायची. दोन दिवस सराफाच्या माडीवर वैरण आन पाण्याच्या घागरी चढत हुत्या. शेवटी गवळ्यानं पोत्यानं डोळे बांधून, दहा माणसं लावून उतरवली. सराफ म्हणला, घर इकायचं न्हाय आता, आन तुमास्नी तर न्हाईच न्हाय.

त्येच्या दुसऱ्या दिवशी चौघं आमच्या दारात. मी लेकराला पाजून नुकतं खांद्यावर टाकल्यालं. नेमाण्णा लेकराकडं बघतोय, भीमू लेकराकडं बघतोय, वकील चष्मा पुसून बघत्यात. मी लेकराच्या तोंडावर पदर वढला. नेमाण्णा म्हणला, पोरी, ह्ये लेकरू जिन्यावरनं खाली आणता येतंय, व्हय की न्हाय?

मला काय कळंना. मी म्हटलं व्हय.

तर असं ठरलं. घर बघायचं झालं की मी लेकराला घेऊन जायचं, आढ्याला लुगड्याची झोळी बांधायची, लेकरू आत घालायचं. निजलं तर घर चांगलं. रडलं तर वाईट. गायीच्या जागी माझं लेकरू. मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी जमिनीकडं बघितलं, मालकाचा चुलता म्हटल्यावर काय बोलणार. मी लेकराच्या गालाला काजळाचा एवढा मोठा टिळा लावला की निम्मं तोंड काळं झालं, आन गेले.

रिकाम्या घरात गेला हायसा कवा तुम्ही? आपलाच आवाज आपल्याला उलटा ऐकू येतोय. बस्तीजवळचं घर हुतं पहिलं. मी झोळी बांधतीया, मनात म्हणतीया कुणी मेलं असंल हितं तर. आन ती चार म्हातारी माणसं भिताडाला पाठ लावून उभी. वकिलांनी तोंडावर बोट ठेवल्यालं. चाचानं साखळी वाजू नये म्हणून पोटाशी धरल्याली. भीमूला ठोकायला मनाई. नेमाण्णानं तर दम धरला हुता, खरंच धरला हुता, तोंड लाल झाल्यालं. मी झोका दिला. लेकरानं जांभई दिली आन निजलं. आन त्या चौघांची तोंडं बघायची हुती. एकमेकाच्या हाताला हात लावून, आवाज न करता हसत्यात. नेमाण्णा माझ्या कानापाशी येऊन म्हणला, "नोडोण, नोडोण," म्हंजे बघू या, बघू या. ह्ये त्येचं लई खूश झाल्यावरचं बोलणं.

मग चाचानं मोजलं. हातभर कमी भरलं. घर सोडलं.

मला वाईट वाटलं. माझं काय घर नव्हतं ते, पण परसात शेवग्याचं झाड हुतं आन चुलीपाशी खिडकी हुती.

पुढं पुढं मला सवय झाली. लढाईचे दिवस हुते, मोटारी कोळशावर चालायच्या, चढाला माणसं उतरून ढकलायची. अशा मोटारीतनं चिकोडीला बी गेलो एकदा. वकील पुढं, चाचा टपावर साखळीसंगं, भीमू ढकलायला, आन नेमाण्णा माझ्या लेकराला मांडीवर घेऊन. लेकरू त्येच्या कोटावर ओकलं. मी भ्याले, आता ह्यांची नोकरी गेली म्हटलं. नेमाण्णानं कोट तसाच घातला, चिकोडीभर हिंडला, आन कुणी नाकाला पदर लावला की सांगायचा, ह्ये आमच्यातल्या एकाचं काम हाय.

आमच्यातल्या एकाचं, म्हणला. मी ते ह्यांना घरी येऊन सांगितलं तर हे म्हणले, येडा हाय तो.

आन मग सांगावा आला. आम्ही राहतो त्या घराची मालकीण, म्हातारी, लेकाकडं कोल्हापुरात असती. तिनं कळिवलं, घर इकायचं हाय. एक व्यापारी घ्यायला तयार हाय, पाडून तंबाखूची वखार बांधणार हाय, दसऱ्याच्या आत घर मोकळं करा. लढाईमुळं निपाणीत खोली म्हणून मिळत नव्हती. जिथं जागा तिथं तंबाखू. हे दोन दिवस हिंडले आन येऊन म्हणले, तू लेकराला घेऊन गुंजीला जा, मी वखारीत निजत जाईन.

गुंजीला. माझं पहिलं लेकरू गुंजीलाच दगावलं, बाळंतपणाला गेलते तवा. पावसाळा आन हिवताप. तीन गावात एक औषध न्हाय. ह्यांना बी ठावं हुतं, म्हणून तर त्यांनी ते भिताडाकडं तोंड करून सांगितलं.

मला झोप यायची बंद झाली. लेकराचं अंग सारखं चाचपून बघायचे, तापलंय का. आन मग एक दिवस सकाळी ती चौघं नेहमीगत आमच्या दारात आली, नव्या घराकडं जायला, आन माझ्या तोंडातनं आपसूक गेलं, "आण्णा, आज आमचंच घर बघा की."

एवढं बोलले आन मला वाटलं जमीन फाटंल तर बरं. नेमाण्णानं मागं वळून त्या तिघांकडं बघितलं. मग म्हणला, उद्या बघू. आज बघायचं न्हाय. बघायच्या घराला एक दिवस आधी सांगावं लागतंय.

त्या दिवसात मी घर सारवलं. उंबऱ्याला हळद लावली. आढ्याची जळमटं काढली. लेकराला तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, पोट टम्म होईस्तवर पाजलं. शेजारची म्हणली, राईएवढी अफू चाटव, गप पडंल. मी हातात घेतली आन माझा हात झाला न्हाय. परत देऊन आले.

दुसऱ्या दिवशी चौघं आली. आन मला कळलं, ती बी भ्याली हुती. दोन वर्सं घरं वाईट म्हणून सांगायची सवय, आन आज चांगलं म्हणायचं हुतं.

भीमूनं एका बोटानं, जसा काय फोडावर हात ठेवतोय तसं, भिताड ठोकलं. कान लावला. माझ्याकडं बघितलं. म्हणला, पोक... आन गिळलं. मग म्हणला, जुनं हाय, पण उभं हाय. वकिलांनी मालकिणीनं पाठवलेला कागद वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला. त्यांच्या कपाळाला घाम आल्याला. शेवटी म्हणले, वारस आहे, पण तो कोल्हापुरात आहे, आणि कोल्हापूर तसं लांब आहे.

चाचानं साखळी टाकली. दारापास्नं परसाच्या भिताडापर्यंत. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. दोन हात कमी. आजवर इतकी कमी कुठलीच जागा भरली नव्हती. चाचाला ते सांगवंना. खाली मान घालून साखळीची कडी बोटानं चाळत बसला.

तेवढ्यात चाचाची बायको गल्लीतनं वरडत आली. आमच्या दारात उभी राहून म्हणली, साखळी दे इकडं, म्हस सुटली हाय, साऱ्या गल्लीची कोबी खाल्ली तिनं. रोज म्हस बांधायच्या साखळीनं दुनिया मोजत फिरतोस, म्हस काय तुझ्या पटक्यानं बांधू?

वकिलांनी वाकून साखळी हातात घेतली. कडी न् कडी वढून लांब झाल्याली, काही तर उघडून हूक झाल्याल्या. दोन वर्सं रोज ती म्हस ती साखळी वढत हुती, आन साखळी लांबत हुती, आन निपाणीतली घरं कमी भरत हुती.

वकील म्हणले, "म्हणजे आजपर्यंतची मोजणी म्हशीने केली."

चाचा रडायच्या घाईला आला. नेमाण्णानं त्येच्या खांद्यावर हात ठेवला आन म्हणला, ऱ्हाऊ दे चाचा, म्हस बी आपलीच. चाची साखळी घेऊन गेली. आन माझ्या मनात आलं, मग बस्तीजवळचं घर पुरं हुतं, सगळी घरं पुरी हुती, आन आमचं बी पुरं हाय. आता लेकरू तेवढं निजायचं राहिलं.

मी झोळीत घातलं. आपलंच घर, आपलीच झोळी, रोजचंच आढं. झोका दिला. आन लेकरानं जे तोंड उघडलं ते मिटंना. माझ्या लेकरानं जगातल्या साऱ्या परक्या घरात झोप घेतली आन आपल्या घरात गल्ली डोक्यावर घेतली. मी झोके देतीया, टाळ्या वाजवतीया, चमचा वाजवतीया. चाचा तोंडानं मोटारीचा आवाज काढतोय. भीमू नाचतोय, तो माणूस आजवर हसला बी नव्हता. वकील कोर्टातल्या आवाजात गप्प बस म्हणत्यात. लेकरू निळं पडतंय रडून रडून. मला दिसत हुतं, झालं, गाय उभीच राहिली, आता हा म्हणणार सोडा. मी झोळीची दोरी धरून तिथंच खाली बसले.

नेमाण्णा दाराशी उभा. हात पाठीमागं. मान वाकडी करून ऐकतोय, भीमू भिताडाचं ऐकतोय तसं.

मग म्हणला, घेऊ या.

वकील म्हणले, नेमाण्णा, लेकरू रडतंय. परीक्षा तुमचीच आहे.

"त्या माडीवर मला दोन आवाज येत्यात, वकीलसाब," नेमाण्णा म्हणला. "ताट ठेवल्याला, ताट उचलल्याला. आन तिसरा ह्येचा. सकाळी ह्ये रडलं की मला कळतंय दिस निघाला. म्हणून तर खिडकी उघडी ठेवतोय मी. हितं वखार झाली की तंबाखू काय रडणार हाय?"

एवढं बोलून तो खाकरला, आन जरा वरच्या पट्टीत म्हणला, परसात पाणी हाय, उजेड हाय, घर बरं हाय. जसा काय आधीचं बोललाच नव्हता. वकिलांनी चष्मा काढून पुसला. हळूच इचारलं, आणि वारस निघाला तर. नेमाण्णा म्हणला, निघू दे.

खरेदी झाली. चौघं मोटारीनं चिकोडीला जाऊन सही-अंगठे करून आली. व्यापाऱ्यानं आमच्या दारात येऊन दात खाल्ले आन गेला. हे म्हणले, गुंजीला जायला नको आता. तेवढंच म्हणले, आन परसात जाऊन लाकडं फोडत बसले, लाकडं लागत नव्हती तरी.

आन मग एक इपरीत झालं. घर घेतल्यावर माणसांचं काम संपलं. वकील लेकीकडं बेळगावात गेले. भीमूला काकतीकडं काम लागलं. चाचा म्हस राखायला लागला. नेमाण्णा एकटा. आन तो आमच्या दारात येईना. आधी रोज यायचा, लेकराला बोट दाखवायचा, घर आमचं नव्हतं आन त्येचं बी नव्हतं तवा. आता घर त्येचं, आन तो रस्त्याच्या पल्याड उभा राहून कौलं बघायचा. बघायचा आन माडीवर जायचा. मी ह्यांना इचारलं, आमचं काय चुकलं का. हे कुठनं तरी इचारून आले. वकिलानं जाता जाता सांगून ठेवल्यालं, मालकानं कुळाच्या घरात बसू नये, पुढं हक्काचा घोळ होतो.

चार दिवस मी दाराआडनं बघितलं. पाचव्या दिवशी ऊन खाली आलं हुतं, तो उभा हुता, हात पाठीमागं. मी पदर डोक्यावर घेतला, लेकरू काखेला मारलं आन रस्त्यात जाऊन उभी राहिले. गल्ली बघत हुती. मी म्हटलं, आण्णा, आत या.

तो म्हणला, का, गळतंय काय? भीमूला निरोप धाडू?

मी म्हटलं काय गळत न्हाय.

"मग काय बघायचंय?"

"बघायचं काय न्हाय आण्णा," मी म्हटलं. "बसायचं."

तो आला. सोप्यात उभा राहिला. इतकी घरं बघितली ह्या माणसानं, पण घरात बसायचं कुठं ते त्येला उमजंना. हिकडं सरकला, तिकडं सरकला. मी घोंगडं टाकलं तवा काठावर बसला, पाहुण्यागत, कोटाच्या गुंड्या लावून. मी आत गेले आन माझ्या ध्यानात आलं, जैनाच्यात दिस मावळला की तोंडात काय घालत न्हाईत, आन आमच्या हातचं रांधल्यालं हा खाईल का ते बी ठावं न्हाय. म्हणून मी शेंगा घेतल्या, नव्या खापरीत बिगीबिगी भाजल्या, गुळाचा खडा ठेवला, आन उन्हाकडं बघत बाहीर आले. कौलाच्या कडंला थोडंसं ऊन हुतं अजून. त्येनं बी वर बघितलं, ऊन बघितलं, आन मग एक शेंग फोडली.

तवापास्नं काय बी काम असू दे, दिस मावळायच्या आत मी शेंगा भाजते.